सेटिंगच्या फाइलवर सही कोणाची?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुग्राम ओलांडले की मानेसर लागते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांना हे नाव मारुती आणि होंडा यांच्या कारखान्यांमुळे परिचित असेल. परंतु याच औद्योगिक वसाहतीच्या सेक्टर ५ मध्ये भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेचे आवार आहे, आणि देशभरातील कंपन्यांच्या जन्माची व मृत्यूची नोंद आता तेथून होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१६ साली तेथे केंद्रीय नोंदणी केंद्र सुरू झाले. मे २०२३ मध्ये स्वेच्छेने बंद होऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांचे अर्ज निकाली काढणारे केंद्र आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मधल्या आयुष्यातील अर्जांसाठी केंद्रीय प्रक्रिया केंद्रही तेथेच उघडले. सांगलीचा एखादा हळद-व्यापारी आज कंपनी काढतो, तेव्हा त्याच्या अर्जाला मंजुरी पुण्याच्या निबंधक कार्यालयातून मिळत नाही, ती मानेसरहून मिळते. अर्जदार मानेसरला कधी जात नाही. त्याने जाऊ नये, अधिकाऱ्याचे तोंड पाहू नये, हाच या रचनेचा हेतू आहे, आणि मी त्याचा मनःपूर्वक समर्थक आहे.

मात्र या सुधारणेचा एक परिणाम आम्ही प्रशासकांनी अद्याप पुरता समजून घेतलेला नाही. पूर्वी खिडकीपलीकडे एक कारकून असे. तो आडमुठा असो वा दयाळू, त्याला नाव होते, वरिष्ठ होता आणि त्याच्या विरुद्ध तक्रार करता येत असे. आता खिडकीच्या जागी संकेतस्थळ आहे. त्या खिडकीवर कोणते कागद घ्यायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे आता सर्व्हरवरील काही ओळींची एक फाइल ठरवते. माझा वाद त्या फाइलविषयी आहे, आणि तो मानेसरपुरता नाही. केंद्राच्या व राज्यांच्या प्रत्येक संकेतस्थळाशी आहे.

प्रथम ही फाइल म्हणजे काय ते सांगतो, कारण माझे बहुसंख्य सहकारी येथेच कंटाळून पान उलटतात.

आज्ञावली एकच असते, पण ती तीन घरांत राहते. एक घर म्हणजे ती लिहिणाऱ्या अभियंत्याचा स्वतःचा संगणक, दुसरे चाचणीचा सर्व्हर, आणि तिसरे जनतेसाठी खुला असलेला सर्व्हर, ज्याला ही मंडळी ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. आज्ञावली तीच असली तरी डेटाबेस कोणता वापरायचा, त्याचा पासवर्ड कोणता, एसएमएस खरा पाठवायचा की नुसता पाठवल्याचे दाखवायचे, चूक झाल्यास पडद्यावर काय दिसावे, घड्याळ कोठल्या देशाचे मानावे, या गोष्टी घरोघरी वेगळ्या असतात. म्हणून त्या आज्ञावलीच्या बाहेर, सेटिंगच्या फाइलमध्ये वा सर्व्हरच्या चलांमध्ये ठेवतात. हेरोकू या कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास या शिस्तीची बारा सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एका सूत्राची कसोटी मला फार आवडते: तुमची संपूर्ण आज्ञावली या क्षणी जगजाहीर केली, तर एकही गुपित फुटता कामा नये. ते फुटत असेल तर सेटिंग आणि आज्ञावली यांची सरमिसळ झालेली आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर आज्ञावली हा छापील नमुना आहे आणि सेटिंग म्हणजे त्यातील रिकाम्या जागा. तहसीलदार त्या शाईने भरतो आणि खाली सही करतो. येथे फरक इतकाच, की संगणकाच्या नमुन्यात जागा रिकामी सोडली तरी ती रिकामी राहत नाही. ज्याने ते साधन बनवले, त्याने पूर्वीच एक आकडा घालून ठेवलेला असतो आणि तोच लागू होतो.

गेल्या वर्षी एका रात्री अकरा वाजता मला एका तरुणाचा फोन आला. मूळचा साताऱ्याचा, चिंचवडला उमेदवारी करून मानेसरजवळ वाहनांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवणारा. मला तो काका म्हणतो. एका खात्याच्या संकेतस्थळावर (खात्याचे नाव घेत नाही, ते मानेसरमधले नव्हे) त्याला त्या रात्री बारापर्यंत विवरण भरायचे होते.

“काका, सूचनेत पाच एमबीपर्यंत चालेल असं लिहिलंय. माझी फाइल तीनची आहे, तरी घेत नाही. आणि अर्ज भरत आणला की मला बाहेर काढतं, परत लॉगिन कर म्हणतं. तीनदा झालं.”

“दर वेळी साधारण किती वेळाने?”

“वीस-पंचवीस मिनिटांनी. माझं काही चुकतंय का?”

त्याचे काहीच चुकत नव्हते. मी अभियंता नाही. अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. परंतु अशा भानगडी निस्तरण्यात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे काही आकडे मला पाठ झाले आहेत. पीएचपी या भाषेत, कोणी बदलले नाही तर, अपलोड होणाऱ्या फाइलची मर्यादा २ एमबी असते. निष्क्रिय सत्राचा हिशेब १४४० सेकंदांचा असतो, म्हणजे बरोबर २४ मिनिटे. एनजिनएक्स नावाचा सर्व्हर तर १ एमबीच्या वरचे काही आत घेतच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसला एका वेळी १०० जोडण्या चालतात, आणि मायएस्क्यूएलला १५१. हे आकडे वाईट नाहीत. कोणत्याही साधनाला सुरुवातीला काहीतरी आकडा लागतोच, आणि तो सावधपणे लहान ठेवतात. पण ते भारतातील मुदतीच्या शेवटच्या रात्रीसाठी, मंद इंटरनेटवर बसून तीस पाने स्कॅन करणाऱ्या लघुउद्योजकासाठी कोणी ठरवलेले नव्हते.

एनजिनएक्स हे इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने २००४ साली जनतेसाठी खुले केलेले साधन आहे. अतिशय उत्तम, आणि फुकट. प्रश्न असा, की पाच एमबीचा कागद स्वीकारू असे भारत सरकारच्या खात्याने जाहीर केले असताना तो एक एमबीवर अडवला गेला, तर त्या रात्री त्या खात्यात कायदा कोणाचा चालू होता?

ही कोटी नव्हे, मला खरोखर हेच विचारायचे आहे. कंपनी कायदा २०१३ चे कलम ४६९ केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार देते आणि त्याच कलमाने प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. नियमातील स्वल्पविराम बदलायचा तरी विधी मंत्रालयाची मान्यता, राजपत्रात प्रसिद्धी, हिंदी भाषांतर हे सर्व सोपस्कार आम्ही निमूटपणे करतो. का? तर नागरिकाच्या हक्कावर परिणाम करणारा कोणताही निर्णय कोणाच्या तरी नावाने, तारखेने आणि अधिकाराने झाला पाहिजे म्हणून. आणि तोच नागरिक चोविसाव्या मिनिटाला बाहेर फेकला जातो, तेव्हा तो निर्णय ना कोणाच्या सहीने झालेला असतो, ना कोणाला ठाऊक असतो. कंपन्यांच्या वार्षिक विवरणांना २०१८ साली दिवसाला १०० रुपये असे वाढत जाणारे विलंब शुल्क लागू झाले. असे शुल्क ज्या कामाला जोडलेले आहे, तेथे सत्राची मुदत किती मिनिटांची, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो महसुलाचा आणि न्यायाचा प्रश्न होतो.

आता स्वतःकडे येतो. दहाएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एका योजनेच्या संकेतस्थळाचा कार्यभार होता. नव्या आवृत्तीची चाचणी चालू होती. चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या अर्जदारांच्या नोंदींची नक्कल घेतलेली होती, आणि हीच पहिली चूक. दुसरी अशी, की एसएमएस पाठवण्याच्या यंत्रणेचा पत्ता आणि किल्ली चाचणीच्या सर्व्हरवरही खरीच होती. कंत्राटदाराच्या एका मुलाने ‘अर्ज नामंजूर’ हा टप्पा तपासण्यासाठी एक बटण दाबले. पुढच्या सोमवारी एक वृद्ध बाई पासबुक आणि फोन घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. संदेश इंग्रजीत होता. नातवाने त्यांना तो वाचून दाखवला होता. त्यांनी मला विचारले, “साहेब, माझं काय चुकलं?” मी त्यांना सांगितले की तुमचे काही चुकलेले नाही, ही संगणकाची चूक आहे. ते खोटे होते. संगणकाने सांगितलेले काम चोख केले होते. त्या प्रणालीला हिरवा कंदील दाखवणाऱ्या प्रमाणपत्रावर माझी सही होती, आणि त्या सहीआधी मी एकच प्रश्न विचारला होता, उद्घाटनाची तारीख कोणती.

त्या मुलाला कंत्राटदाराने काढून टाकले. मला साधी विचारणाही झाली नाही.

घड्याळाचे आणि लिपीचे प्रकरण आम्हा भारतीयांच्या खास वाट्याला येणारे आहे. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेले असतात. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता भरलेली रक्कम अशा सर्व्हरच्या दृष्टीने ३१ मार्चच्या रात्री साडेआठला आलेली असते, म्हणजे आर्थिक वर्षच बदलते. उलट १ एप्रिलला खुली होणारी सुविधा मध्यरात्री न उघडता पहाटे साडेपाचला उघडते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सर्वांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले. ते योग्यच आहे, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. घड्याळ सेकंदापर्यंत अचूक असूनही तारीख चुकू शकते, कारण कोणता पट्टा धरायचा ही सेटिंग निराळी आहे. लिपीचेही तसेच. मायएस्क्यूएलची न सांगता लागू होणारी लिपी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन होती. जुन्या सर्व्हरवर ती ओळ बदलायची राहिली की ‘बाळकृष्ण’ या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. आणि ती एकदा साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. ते साठवतानाच नष्ट झालेले असते. विकसकाच्या संगणकावर मात्र सर्व ठीक दिसते, कारण तेथे त्याने ‘टेस्ट’ असे नाव टाइप केलेले असते.

चूक दाखवण्याच्या कळीबद्दल थोडक्यात. विकसकाला चूक सापडावी म्हणून ‘डीबग’ नावाची कळ असते. ती चालू असली की बिघाड होताच पडद्यावर फाइलींचे मार्ग, सेटिंगचे तपशील, आज्ञावलीचे तुकडे असा घरचा सगळा पसारा मांडला जातो. जॅंगो, लाराव्हेल या सर्व साधनांच्या मार्गदर्शिका बजावून सांगतात की प्रॉडक्शनवर ही कळ बंद हवी. तरीही ती चालू राहते. तसेच पासवर्डांची फाइल चुकून अशा ठिकाणी राहते, की ब्राउझरमध्ये तिचे नाव टाइप करणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बंद करायची राहून गेलेल्या एका कळीची किंमत काय असू शकते, याचा अंदाज त्यावरून यावा.

यावर मला नेहमी दोन उत्तरे मिळतात.

पहिले असे, की सुरक्षा-तपासणी झालेली आहे, प्रमाणपत्र नस्तीत आहे. असेल. पण सर्ट-इनच्या यादीतील लेखापरीक्षक बहुधा चाचणीच्या सर्व्हरवरील प्रत तपासतो, आणि सेटिंगची तर व्याख्याच अशी, की ती चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरवर वेगळी असते. एका घराची तपासणी करून दुसऱ्या घराला अग्निशमनाचा दाखला देण्यासारखे हे आहे.

दुसरे उत्तर असे, की हा कंत्राटदाराचा प्रश्न आहे, सेवापातळीचा करार आहे, चुकल्यास दंड आहे. येथे माझ्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी जागा होतो. समजा करारात लिहिले आहे, की संकेतस्थळ महिन्यातील ९९.५ टक्के वेळ चालू असले पाहिजे. तीस दिवसांच्या महिन्याचे ७२० तास; त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी साडेआठपासून मध्यरात्रीपर्यंत संकेतस्थळ पूर्ण बंद पडले, तरी कंत्राटदाराने करार तंतोतंत पाळलेला असतो! आणि संकेतस्थळ चालू आहे पण शंभर जोडण्या भरल्यामुळे एकशे एकाव्याला प्रतिसाद देत नाही, ही अवस्था तर अनेक करारांच्या मोजमापात येतच नाही. नुकसान नागरिकाचे होते, आणि ते कराराच्या कोणत्याही पक्षाच्या खतावणीत चढत नाही. ज्या खर्चाचा धनी कोणी नाही, तो कमी करण्यासाठी कोणी धडपडणार नाही, हे पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले आहे. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारून आम्ही वर तक्रार करतो, की सेटिंग पाहायला अनुभवी माणूस का ठेवला नाही.

तांत्रिक बाब म्हणून जी उडवून लावली जाते, तिचे खरे वजन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एकदा मोजले गेले. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या आठपैकी सातच सर्व्हरांवर नवी आज्ञावली बसवलेली होती. आठव्यावर जुनी राहिली, आणि त्यात वर्षानुवर्षे न वापरलेले एक कार्य नव्या कामासाठी घेतलेल्या त्याच जुन्या खुणेने जागे झाले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व लवकरच संपले. अमेरिकेच्या नियामकाच्या आदेशात एक तपशील आहे, जो मी दर प्रशिक्षण वर्गात सांगतो. बाजार उघडण्यापूर्वी त्या प्रणालीने चुकीची सूचना देणारे ९७ ई-मेल कंपनीतील लोकांना पाठवले होते. कोणी त्यांची दखल घेतली नाही, कारण ते पाहणे हे कोणाचेच ठरलेले काम नव्हते.

आपल्याकडे ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकराचे नवे संकेतस्थळ सुरू झाले, त्याच्या अडचणी सर्वश्रुत आहेत आणि त्या वर्षी मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. कंपन्यांच्या एमसीए-२१ या प्रणालीची कहाणी लांब आहे. २००६ साली टीसीएसने उभारली, जानेवारी २०१३ मध्ये ती इन्फोसिसकडे गेली, आणि तिसरी आवृत्ती एलटीआयने बांधली. जानेवारी २०२३ मध्ये आणखी अर्ज नव्या आवृत्तीवर नेताना जुने अर्ज काही दिवस बंद ठेवावे लागले, तक्रारी झाल्या, मुदतवाढीची परिपत्रके निघाली. एवढी मोठी यंत्रणा हलवताना अडचणींची कारणे अनेक असतात आणि त्या सर्व सेटिंगच्या होत्या असे मी म्हणत नाही. मला त्या इतिहासातील हस्तांतरणाचे क्षण महत्त्वाचे वाटतात. अशा प्रणाली हातोहात जातात, तेव्हा त्यांच्या किल्ल्या कशा जाव्यात?

कारण हे आम्हाला येत नाही असे नाही. कोषागाराच्या सुरक्षित खोलीला दुहेरी कुलूप असते. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. बदली झाली की कार्यभार अहवालावर दोघांच्या सह्या होतात आणि रोकड व मुद्रांक मोजून दिले जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही हे शिकवावे लागत नसे. आणि कोट्यवधी नागरिकांच्या नोंदी ज्या पासवर्डने उघडतात, तो व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला पाठ असतो, आणि अधिकाऱ्याच्या कार्यभार अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. टंकलेखन यंत्राचा क्रमांक मात्र अजून काही कार्यालयांत लिहिला जातो.

माझी मागणी अभियंता होण्याची नाही. प्रत्येक संकेतस्थळामागे, पासवर्ड वगळून, सेटिंगचे एक पत्रक असावे. फाइलची मर्यादा, सत्राची मुदत, एकाच वेळी किती जण, वेळेचा पट्टा, लिपी, डीबग बंद, एसएमएस कोठे जातो, किल्ल्या कोणाकडे आणि शेवटच्या कधी बदलल्या. प्रत्येक आकड्यासमोर तो आकडा का, हे एका वाक्यात. खाली अवर सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची सही, आणि कोणताही बदल नस्तीवर, तारखेसह, तो मागे कसा घ्यायचा या नोंदीसह. आणि त्या अधिकाऱ्याने उद्घाटनापूर्वी स्वतः, सहायकाकरवी नव्हे, मराठी वा तमिळ नाव घालून, सूचनेत लिहिलेल्या कमाल आकाराची फाइल जोडून, मधे चहाला उठून, एक अर्ज शेवटपर्यंत भरावा. याला एक दुपार लागते.

मानेसरच्या त्या आवारात भारतीय कॉर्पोरेट विधी सेवेच्या परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणही होते. अशाच एका वर्गात, तेथेच की दुसरीकडे हे महत्त्वाचे नाही, एका तरुण अधिकारी बाईंनी मला विचारले, “सर, पत्रकावर सही केली आणि पुढे काही बिघडले तर जबाबदार मीच ना? सही नसेल तर कोणीच नाही.” मी म्हटले, अगदी बरोबर ओळखलेत, म्हणूनच कोणी करत नाही. वर्गात हशा पिकला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले.

असे पत्रक सक्तीचे करावे, अशी टिपणी मी आमच्याकडे सादर केली होती. पाच महिन्यांनी ती परत आली. शेरा होता: “बाब तांत्रिक स्वरूपाची आहे. संबंधित कंत्राटदाराने उचित कार्यवाही करावी.” मी ती त्या साताऱ्याच्या तरुणाला भरावे लागलेल्या विलंब शुल्काची पावती जोडून पुन्हा वर पाठवली आहे. या वेळी वित्त विभागामार्फत.